नकाशातील डोंगर डोळ्यांपुढे उभा राहावा म्हणून

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

विकासाचे कोणतेही काम प्रथम कागदावर उतरते आणि मग जमिनीवर उभे राहते. पाझर तलाव असो, वाडीपर्यंतचा रस्ता असो, नळपाणी योजना असो की शाळेची इमारत असो, त्याचा पहिला जन्म नकाशात होतो. कागद सपाट असतो. जमीन मात्र क्वचितच सपाट असते. कागदावरील रेषा पाहून उंचसखल जमीन मनापुढे उभी करणे, तिच्याभोवती मनानेच फेरी मारणे, ती मनातल्या मनात उभी कापून तिचा उतार पाहणे, ही अभियंत्याच्या व्यवसायातील मूळ शक्ती होय. शिक्षणशास्त्रात तिला अवकाशीय आकलन असे म्हणतात. गणित पक्के असूनही ही शक्ती दुबळी राहिली, तर आकडेमोड बिनचूक होते आणि काम चुकते.

या शक्तीविषयी एक समज आपल्या शिक्षणसंस्थांत खोलवर रुजलेला आहे. ज्याला दिसते त्याला उपजतच दिसते. ज्याला दिसत नाही त्याला शिकवून फारसा उपयोग नाही, असा तो समज आहे. प्रथम वर्षाच्या आरेखनाच्या वर्गात एखादा विद्यार्थी वस्तूचे पुढून, वरून व बाजूने दिसणारे रूप काढताना अडखळतो, तेव्हा त्याच्या माथी ‘याला डोळाच नाही’ असा शिक्का बसतो. पुढे स्थापत्य शाखेत सर्वेक्षणाचा विषय येतो आणि तेथेही तो मागेच राहतो. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत केवळ विद्यार्थीच नव्हे तर गावेही मोजतात, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

एक साधे उदाहरण पाहू. समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरील बिंदू जोडणारी रेषा, हे शाळेतील भूगोलात सर्वांनी वाचलेले असते. डोंगरउतारावर या रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळतात. त्या वळणाचे टोक चढाच्या दिशेला असेल तर तेथे घळ किंवा ओढा असतो. टोक उताराच्या दिशेला असेल तर तेथे डोंगराची सोंड असते. नियम दोन ओळींचा आहे. तरीही रेषांवर उंचीचे आकडे विरळ असले आणि ओढ्याची निळी रेघ छापलेली नसली, की विद्यार्थी सोंडेला ओढा आणि ओढ्याला सोंड समजून मोकळा होतो. त्याला नियम पाठ असतो. डोंगर दिसत नसतो.

आता ओढाही बरोबर ओळखला, पण त्याच्या तळाचा उतार मनात आला नाही, तर काय होते ते पाहावे. दोन मीटर उंचीचा बंधारा घालावयाचा आहे. ओढ्याच्या तळाचा उतार शंभरास एक असेल, तर पाणी मागे सुमारे २०० मीटरपर्यंत तुंबते. तोच उतार वीसास एक असेल, तर पाणी ४० मीटरवरच थांबते. पात्राची रुंदी सारखी धरली, तर त्याच उंचीच्या बंधाऱ्यामागे पाचपट कमी पाणी साठते. बांधकामाचा खर्च मात्र जवळपास तितकाच येतो. गावातील म्हातारा शेतकरी अशा जागी ‘इथं पाणी ठरायचं नाही’ असे सहज सांगून जातो. त्याने उताराचे गुणोत्तर काढलेले नसते; पण जमीन त्याच्या पायांना ठाऊक असते. नवख्या अभियंत्याला ती नकाशावरून ठाऊक व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

ही शक्ती शिकवता येते काय? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात निर्णायकपणे मिळाले. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातील प्राध्यापिका शेरिल सॉर्बी यांना स्वतः विद्यार्थिनी असताना आरेखनाचा विषय अतिशय जड गेला होता. पुढे त्याच विषयाच्या अध्यापनात असताना त्यांनी १९९३ साली आपल्या सहकारी बेव्हर्ली बार्टमन्स यांच्यासह अवकाशीय आकलनाचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांची पर्ड्यू विद्यापीठात तयार झालेली ३० प्रश्नांची चाचणी घेतली जाई. एक घनाकृती फिरवून दाखवावयाची आणि दुसरी तशीच फिरवल्यास कशी दिसेल ते ओळखावयास सांगावयाचे, असे या चाचणीचे स्वरूप आहे. साठ टक्क्यांपेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांना या अभ्यासक्रमास बोलावण्यात आले. त्यांत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच अधिक असे. ठोकळे जोडणे, ते निरनिराळ्या बाजूंनी पाहणे आणि मुख्य म्हणजे जे दिसले ते हाताने कागदावर काढणे, हा या अभ्यासक्रमाचा कणा होता. विद्यार्थ्यांचे चाचणीतील गुण वाढले, पुढील आरेखनाच्या विषयांत त्यांची प्रगती झाली आणि अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडण्याचे प्रमाण, विशेषतः मुलींमध्ये, कमी झाले.

हा एकाच महाविद्यालयाचा अनुभव म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. २०१३ साली डेव्हिड अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील २१७ अभ्यासांचा एकत्रित विचार करून निष्कर्ष काढला, की सरावाने ही शक्ती वाढते, वाढलेली टिकते आणि ज्या प्रकारचा सराव केला त्यापलीकडच्या कामांतही ती उपयोगी पडते. या शक्तीचे महत्त्व किती, याचेही उत्तर उपलब्ध आहे. १९६० साली अमेरिकेत सुमारे ४ लाख शालेय विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या क्षमता तपासून अकरा वर्षांनी पुन्हा त्यांची माहिती घेण्यात आली होती. २००९ साली त्या माहितीचे नव्याने विश्लेषण झाले, तेव्हा विज्ञान व अभियांत्रिकीत गेलेल्यांची अवकाशीय क्षमता शालेय वयातही लक्षणीयरीत्या उजवी होती, असे आढळले. अर्थात शाळेच्या परीक्षेत भाषा व गणित तपासले जाते. ही तिसरी शक्ती कोणी तपासत नाही. ज्याच्याकडे ती आहे त्यालाही ती आहे हे कळत नाही.

महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सार्वजनिक बांधकामासाठी कनिष्ठ कर्मचारी तयार व्हावेत म्हणून १८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. तेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. त्या काळापासून सर्वेक्षणाचा विद्यार्थी साखळी ओढी, डंपी लेव्हल लावी आणि प्लेन टेबलावर नकाशा काढी. या प्लेन टेबलाविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. तीन पायांवर ठेवलेला लाकडी फलक, त्यावर ताणलेला कागद आणि नजर लावण्याची पट्टी, एवढेच ते साधन. परंतु नकाशा जागेवरच उभे राहून काढावा लागे. डोळा जमिनीवरून कागदावर आणि कागदावरून जमिनीवर दिवसभर हिंडे. समोरची टेकडी आणि कागदावरील वक्र रेषा यांची गाठ मनात आपोआप पडे. ‘टोटल स्टेशन’, उपग्रहीय स्थाननिश्चिती आणि ड्रोन यांनी मोजमाप कितीतरी जलद व अचूक केले, याबद्दल कोणाचेही दुमत असणार नाही. पण त्या जुन्या फलकाने मोजणीबरोबर डोळ्याला जे शिक्षण फुकट दिले होते, ते या यंत्रांबरोबर येत नाही. ते वेगळे द्यावे लागते.

ते देण्यासाठी आज जी साधने हाताशी आहेत, तशी पूर्वीच्या कोणत्याही पिढीला मिळाली नव्हती. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून तयार करावयाचा नकाशा २००४ साली सुरू झाला. गूगल अर्थ २००५ साली आले. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २००९ साली ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे, ज्यांना सर्वजण टोपोशीट म्हणतात, एकेकाळी अर्ज-विनंत्या करून मिळवावे लागत. २०१७ पासून ते नागरिकांना संगणकावरून विनामूल्य उतरवून घेता येऊ लागले. २०२१ साली केंद्र सरकारने नकाशे तयार करण्यावरील व वापरण्यावरील अनेक निर्बंध भारतीय संस्थांसाठी दूर केले. साधनांची वाण आता राहिलेली नाही. स्पेनच्या अखत्यारीतील कॅनरी बेटांवर ला लागुना विद्यापीठ आहे. तेथे कार्लोस कार्बोनेल कारेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अशाच नकाशा-साधनांच्या कार्यशाळा घेऊन त्यांच्या अवकाशीय आकलनाचा अभ्यास केला. ज्या बेटाच्या मध्यभागी ३,७१५ मीटर उंचीचा तेइदे ज्वालामुखी उभा आहे, तेथील शिक्षकांना समोच्च रेषांचे महत्त्व वाटावे, यात नवल नाही.

आपल्याकडेही सह्याद्री आहे. तेव्हा उदाहरण सिंहगडाचेच घेऊ. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ एफ/१५ या पत्रकात तो येतो. त्याचे प्रमाण ५० हजारास एक. म्हणजे कागदावरील १ मिलिमीटर ही जमिनीवरील ५० मीटर. लगतच्या दोन समोच्च रेषांत उंचीचे अंतर २० मीटर. हा नकाशा छापून प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि संगणक बंद ठेवावा. ही अट महत्त्वाची आहे.

प्रथम विद्यार्थ्याने निळ्या पेन्सिलीने सर्व घळी आणि तपकिरी पेन्सिलीने सर्व सोंडा रंगवाव्यात. मग गडाच्या उत्तर पायथ्याच्या आतकरवाडीपासून माथ्यापर्यंत आणि तेथून दक्षिणेस उतरणारी एक सरळ रेघ ओढावी आणि त्या रेघेवरील डोंगराचा उभा छेद आलेख कागदावर हाताने काढावा. रेषा १ मिलिमीटर अंतरावर आल्या असतील, तर ५० मीटरला २० मीटर चढ, म्हणजे उताराचा कोन सुमारे २२ अंश. त्या अर्ध्या मिलिमीटरवर आल्या असतील, तर कोन जवळजवळ ३९ अंश. हे गणित येथे हातासरशी होऊन जाते. त्यानंतर वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावयाची. सर्वांत बिकट चढ कोठे लागेल? पायथ्याशी उभे राहिल्यास माथा दिसेल, की मधल्या खांद्याआड दडेल? आणि धारेवर अमुक ठिकाणी पडलेला पाऊस कोणत्या नदीला मिळेल?

दुसऱ्या प्रश्नात खरी कसोटी आहे. रेषा वर दाट आणि खाली विरळ असतील, तर उतार अंतर्वक्र असतो आणि पायथ्यावरून माथा दिसतो. रेषा खाली दाट आणि वर विरळ असतील, तर उतार फुगीर असतो आणि माथा लपतो. नियम न आठवता ज्याला हे नुसते रेषांकडे पाहून सांगता येऊ लागले, त्याला नकाशा वाचता येऊ लागला असे समजावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे मौजेचे आहे. धारेच्या उत्तरेस पडलेला थेंब मुठेच्या खोऱ्यात जातो, दक्षिणेस पडलेला नीरेच्या खोऱ्यात. चार पावलांच्या अंतराने वेगळे झालेले हे दोन थेंब पुढे भीमेच्या पात्रात एकत्र येतात.

आता संगणक सुरू करावा. गूगल अर्थमध्ये तीच रेघ ओढल्यास त्या रेघेवरील उंचीचा आलेख क्षणात समोर येतो. विद्यार्थ्याने हाताने काढलेला छेद त्याच्या शेजारी ठेवावा. दोन्ही जेथे जुळत नाहीत, तेथेच शिक्षण होते. कोणी रेषा मोजताना एक गाळलेली असते, कोणी चढ आणि उतार उलटे धरलेले असतात. त्यानंतर पडद्यावरच आतकरवाडीच्या पातळीवर उतरून वर पाहावे आणि वहीतील उत्तर तपासावे. आणि शेवटी, शक्य असेल तर, एका रविवारी सर्वांनी खरोखरच गड चढावा. पडद्यावर डोंगर पाहून आलेल्या मुलांचे पाय जेव्हा तो चढ चढतात, तेव्हा ३९ अंश म्हणजे काय हे त्यांना पुन्हा सांगावे लागत नाही.

हा क्रम उलटला, तर सारे फुकट जाते. आधी पडद्यावर डोंगर गरगर फिरवून दाखवला, की विद्यार्थी खूश होतो आणि काहीच शिकत नाही. कारण फिरवण्याचे काम यंत्राने केलेले असते आणि त्याचे मन स्वस्थ बसलेले असते. जपानमध्ये तोरू इशिकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की उपग्रहीय वाटाड्याच्या साहाय्याने चालणारी माणसे कागदी नकाशा घेऊन चालणाऱ्यांपेक्षा अधिक अंतर चालली, अधिक वेळा थांबली आणि नंतर त्यांना त्या वाटेचा नकाशाही तितका चांगला काढता आला नाही. फोनमधील नकाशा चालणाऱ्याच्या तोंडाप्रमाणे फिरत राहतो, तो उत्तर वर ठेवून स्थिर करावा, एवढा साधा बदलही विद्यार्थ्याच्या मनाला कामास लावतो.

शिकवताना आपल्या भाषेची मदत घ्यावी. सह्याद्रीच्या माणसाने डोंगराच्या प्रत्येक वळणाला नाव दिलेले आहे. धार, सोंड, खिंड, घळ, नाळ, माची, कडा, पठार, लवण, बेचके. यांतील प्रत्येक शब्द म्हणजे समोच्च रेषांची एक ठरावीक आकृती होय. दोन उंचवट्यांमध्ये रेषा आत वळून कंबरेसारख्या झाल्या की ती खिंड. कड्याखाली रेषा एकदम विरळ होऊन सपाटी आली आणि पुन्हा दाट झाल्या की ती माची. आपला डोंगर लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे. म्हणून नकाशातही दाट रेषांचा पट्टा, विरळ रेषांचा पट्टा, पुन्हा दाट असा पायऱ्यांचा क्रम दिसतो. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून आला आहे. पाठ्यपुस्तकातील परभाषी संज्ञांपेक्षा ‘माची’ म्हटल्याबरोबर मुलाच्या डोळ्यांपुढे राजगडाची माची उभी राहते, हा लाभ सोडून देण्याचे कारण नाही.

साधने चांगली असली तरी त्यांचे दोष शिक्षकाला ठाऊक असले पाहिजेत. गूगल अर्थमध्ये उंची तिपटीपर्यंत वाढवून दाखवण्याची सोय आहे. ती चुकून सुरू राहिली, तर टेकाडही डोंगर भासते. दुसरा दोष डोळ्यांचा आहे. उपग्रहांची अनेक छायाचित्रे सकाळच्या सुमारास घेतलेली असतात. त्या वेळी, विशेषतः हिवाळ्यात, सूर्य आग्नेयेस असतो आणि सावल्या वायव्येस पडतात. उत्तर वर ठेवलेल्या चित्रात त्यामुळे प्रकाश खालून येतो. माणसाच्या मनाला मात्र प्रकाश वरून येण्याची सवय आहे. परिणामी दरी उंच धारेसारखी दिसते आणि धार दरीसारखी. सह्याद्रीच्या चित्रात ही फसगत हमखास होते. चित्र फिरवून दक्षिण वर आणली, की दऱ्या पुन्हा आपापल्या जागी खोल जातात. हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. डोळ्यावर किती विश्वास ठेवावा, हे त्यातून कळते.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. या साधनांतील उंचीची माहिती जमिनीवर जाऊन मोजलेली नसते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एन्डेव्हर’ अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने जगाच्या फार मोठ्या भागाची उंची टिपली, ती माहिती अशा कामांत आजही वापरली जाते. तीत सुमारे ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची असते. दाट झाडी असेल तर रडार झाडाच्या शेंड्याजवळची उंची धरते. आपल्या ‘कार्टोसॅट-१’ उपग्रहाच्या चित्रांवरून तयार झालेली उंचीची माहिती ‘भुवन’वर आहे, तिलाही अशा मर्यादा आहेतच. डोंगररांगा समजून घेण्यास ही माहिती पुरेशी आहे. दोन मीटरच्या बंधाऱ्याची जागा ठरवण्यास ती मुळीच पुरेशी नाही. तेथे लेव्हल लावलीच पाहिजे. पडद्यावरील आकडा अंदाजपत्रकात थेट उतरवणाऱ्या अभियंत्यास वेळीच रोखणे, हे वरिष्ठांचे कर्तव्य आहे.

या शिक्षणाचा संबंध माणसांच्या जिवाशीही आहे, हे विसरता येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड आली. हे ठिकाण दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, अशी माहिती त्या वेळी विधिमंडळात देण्यात आली होती. दरड केवळ उतारामुळे येत नाही; मातीची जाडी, खडकातील भेगा, पाण्याचा निचरा, उतारावर झालेली खोदाई आणि काही तासांत पडलेला पाऊस ही सारी कारणे एकत्र येतात. म्हणून केवळ नकाशा वाचता आला असता तर अनर्थ टळला असता, असे म्हणणे उथळपणाचे होईल. तथापि वस्तीच्या वरच्या अंगाला रेषा कोठे दाटल्या आहेत, घळीचे तोंड कोणत्या घरांकडे आहे, रस्त्यासाठी उताराचा पायथा कोठे कापला आहे, हे पाहून ज्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकेल, असा माणूस प्रत्येक तालुक्यात असावयास हवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून दरडीच्या शक्यतेचे नकाशे ५० हजारास एक या प्रमाणावर करण्याचे काम हाती घेतले आणि ते ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. पण त्या प्रमाणात संपूर्ण वाडी म्हणजे कागदावरचे काही मिलिमीटर. यादी आणि नकाशा दिशा दाखवतात. वाडीच्या माथ्यावरील उतार पाहण्यास माणसाचाच डोळा लागतो.

पंचायत सदस्यांचा येथे काय संबंध, अशी शंका काहींच्या मनात येईल. अभियांत्रिकी महाविद्यालये बहुधा शहरांत आणि शहरांच्या वेशीवर आहेत. विद्यार्थ्याला खरी जमीन हवी असते ती गावाची. गावाला आपल्या पाणलोटाचा, पाणंदींचा, ओढ्यांचा नकाशा हवा असतो. दोघांची गरज एकमेकांस पूरक आहे. केंद्र शासनाच्या २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली. गावनकाशे संगणकावर आले. परंतु ओढ्याला गावात काय म्हणतात, पूर्वी पूर कोणत्या झाडापर्यंत चढला होता, कोणत्या बांधावरून दर पावसाळ्यात पाणी उलटते, हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. ते सदस्यांना, गुराख्यांना आणि रोज लांबून पाणी आणणाऱ्या बायकांना माहीत असते. विद्यार्थ्यांनी गावात येऊन ही माहिती विचारून नकाशावर उतरवावी. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ठिकाणांची नावे मराठीत, देवनागरी लिपीत नोंदवता येतात. त्यामुळे जी नावे आज केवळ तोंडी आहेत ती टिकतील. मात्र खाजगी हद्दींचे वाद अशा नकाशात आणू नयेत. हद्द ठरवण्याचा अधिकार भूमी अभिलेख विभागाचा आहे, विद्यार्थ्यांचा नव्हे.

ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी या अभ्यासात मागे पडेल, ही भीती उलट खोटी ठरण्याचा संभव आहे. ज्याने लहानपणी शेताला पाणी दिले आहे, कोठे बार फोडला तर पाणी कोणत्या वाफ्यात जाईल हे ज्याने अनवाणी पायांनी ओळखले आहे, त्याच्याजवळ भांडवल मोठे आहे. तो ते कागदाशी जोडू शकत नाही, इतकेच. मुलींच्या बाबतीतही शिक्षकांनी आपली दृष्टी तपासून पाहावी. चाचणीत मागे असणे ही सरावाच्या अभावाची खूण आहे आणि सराव मिळाला की अंतर कमी होते, हे मिशिगनच्या अनुभवावरून दिसून आले आहे.

संगणक कमी आहेत, वीज जाते, जोडणी मिळत नाही, या अडचणी खऱ्या आहेत. पण वर सांगितलेल्या क्रमात संगणकाचे काम शेवटच्या अर्ध्या तासाचे आहे. सारा वर्ग एका पडद्यावर ते पाहू शकतो. नकाशा एकदा छापून घेतला की वर्षानुवर्षे पुरतो. माध्यमिक शाळेत तर संगणकाचीही गरज नाही. अर्धा कापलेला बटाटा परातीत पालथा ठेवावा, अर्धा-अर्धा सेंटिमीटर पाणी चढवत जावे आणि दर वेळी पाण्याच्या काठाने बटाट्यावर शाईची रेघ ओढावी. पाणी काढून टाकून वरून पाहिले, की समोच्च रेषांचा नकाशा तयार असतो. बटाट्याला सुरीने एक घळ पाडून हाच प्रयोग पुन्हा केला, की रेषा चढाकडे वळलेल्या मुलांना प्रत्यक्ष दिसतात. नववीच्या वर्गात जो हे करून येईल, त्याला प्रथम वर्षाच्या आरेखनाची धास्ती वाटणार नाही.

राहिला प्रश्न मूल्यमापनाचा. सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आज उपकरण लावणे व नोंदवही भरणे यांना गुण असतात. त्याबरोबरच विद्यार्थ्याला अनोळखी पत्रकाचा तळहाताएवढा तुकडा द्यावा, छेद हाताने काढावयास सांगावा, तीन अंदाज लिहून घ्यावेत आणि मग पडद्यावर तपासावे. अंदाज चुकला तरी तो का चुकला हे ज्याला सांगता येईल, त्याचे गुण कापू नयेत. प्रवेशाच्या वेळी तीस प्रश्नांची चाचणी आणि वर्षअखेरीस पुन्हा तीच, एवढे केले तर कोणता विद्यार्थी कोठून कोठवर आला, हे महाविद्यालयालाही कळेल. सर्वेक्षणाची शिबिरे पुष्कळ ठिकाणी हिवाळ्यात भरतात. तेव्हा गवत वाळलेले असते, धारा आणि घळी उघड्या दिसतात आणि शेतात पिकांची नासधूस होण्याची भीतीही कमी असते. जवळच्या पंचायतीने शिबिरासाठी शाळेची खोली आणि वाट दाखवण्यास एक जाणता गावकरी दिला, तर त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांकडून आपल्या पाणलोटाचा एक नकाशा तिने मागून घ्यावा आणि ग्रामसभेच्या फलकावर लावावा.